खल, काटा आणि दुखणी

सकाळी ८:३०

आधी बांगड्या उतरवायच्या. मग अंगठी, घड्याळ. केसांवर टोपी, अंगात झगा, हातात मोजे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, ओक ट्री रोडपासून जवळच आमची फार्मसी आहे. पुढून ती इथल्या कुठल्याही औषधाच्या दुकानासारखी दिसते. काचेच्या दारामागे मात्र मिश्रणाची खोली आहे. या खोलीत काय चालावं आणि काय नाही, हे यूएसपी या अमेरिकी औषधसंहितेचं ७९५ वं प्रकरण ठरवतं. त्याची सुधारित आवृत्ती १ नोव्हेंबर २०२३ पासून अधिकृत झाली.

काट्यावर प्रमाणित वजन ठेवून बघितलं, खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहिली. मग केटामिनचं कुलूप. हे अमेरिकेत १९९९ पासून तिसऱ्या अनुसूचीतलं नियंत्रित औषध आहे. बरणीतला साठा आणि वहीतला आकडा जुळेपर्यंत मी कशाला हात लावत नाही.

माझी तंत्रज्ञ पुण्याची, एम.फार्म. काही बाबतींत तिला माझ्याहून जास्त कळतं. पण २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टला इथल्या परीक्षेसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. माझी पदवी त्याआधीची. म्हणून शेवटची सही माझी.

९:१५

पहिलं काम नालट्रेक्सोन, ४.५ मिलिग्रॅमच्या शंभर कॅप्सुली. हे औषध तयार मिळतं ते ५० मिलिग्रॅमच्या गोळीत, दारूचं किंवा अफूच्या जातीच्या औषधांचं व्यसन सोडवण्यासाठी. त्याची इवलीशी मात्रा फायब्रोमायल्जियाच्या अंगदुखीवर काही डॉक्टर देतात. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांनी आशा दाखवली होती, २०२४ मध्ये छापून आलेल्या डेन्मार्कमधल्या चाचणीत मात्र दुखणं कमी करण्यात ते नकली गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. तरी मागणी आहे.

शंभर कॅप्सुलींना औषध जेमतेम ४५० मिलिग्रॅम, चिमूटभर. ते सगळ्यांत सारखं वाटायचं तर खलात आधी औषधाइतकीच भुकटी घालून घोटायचं, मग झालेल्या मिश्रणाइतकी पुन्हा, मग पुन्हा. एकदम सगळं ओतलं तर एका कॅप्सुलीत नऊ मिलिग्रॅम जाईल, दुसरीत नुसतीच भुकटी.

घोटायला घेण्याआधी रुग्णाच्या औषधांची यादी पाहिली. आमच्याकडे काहीच नव्हतं. राज्याच्या नोंदवहीत, जिथे सगळ्या दुकानांतली नियंत्रित औषधं दिसतात, तिथे ट्रामाडोल निघालं. दोन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या फार्मसीतून घेतलेलं. अफूच्या जातीच्या औषधांना नालट्रेक्सोन अडवतं. ट्रामाडोल चालू असताना पहिलीच कॅप्सूल घेतली तर घाम, उलट्या, अंग मोडून येणं, सगळं एकदम. डॉक्टरांच्या ऑफिसात निरोप ठेवला. खल बाजूला.

११:००

आजींचा फोन. मुलाकडे राहतात. कमरेवर नागीण झाली होती. फोड कधीच वाळले, आग राहिली.

"अगं, ती पट्टी लावली तर तिथे पुरळ उठलं. आग ती आगच, वर खाज."

लिडोकेनची ५ टक्क्यांची पट्टी खास याच दुखण्यासाठी मंजूर झालेली आहे. आजींना औषध चालतं, पट्टीचा चिकटा चालत नाही. गॅबापेन्टिनच्या कॅप्सुलींनी त्या दुपारभर झोपतात आणि रात्री बाथरूमला जाताना तोल जातो. म्हणून डॉक्टरांनी मलम लिहिलं: लिडोकेन ५ टक्के, गॅबापेन्टिन ६ टक्के, साठ ग्रॅम. म्हणजे लिडोकेन ३ ग्रॅम, गॅबापेन्टिन ३.६ ग्रॅम.

हे करायला मला मनापासून आवडतं. औषधं लेसिथिनच्या दाट पिवळ्या द्रावात कालवून एका सिरिंजमध्ये भरायची, दुसरीत फ्रिजमधलं प्लुरॉनिक. ते थंड असताना पाण्यासारखं वाहतं आणि खोलीच्या उबेत घट्ट होतं. इतर पदार्थांची रीत याच्या अगदी उलट. दोन्ही सिरिंजा तोंडाला तोंड लावून जोडायच्या आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलत राहायचं. मनगट भरून येतं तेव्हा आत गुळगुळीत मलई तयार असते. त्यात पाणी असल्यामुळे, परिरक्षक घालूनही मुदत ३५ दिवसांचीच.

"जास्त लावलं तर लवकर बरं वाटेल का गं?"

"नाही आजी. सांगितलंय तेवढंच. लावल्यावर हात धुवायचे आणि नातवाला तिथे हात लावू द्यायचा नाही. महिनाभर बघू. फरक पडला नाही तर उगाच लावत बसू नका, मला फोन करा."

१:००

डबा खाताना एक विमा कंपनी फोनवर संगीत ऐकवत होती. मलमाचे पैसे विमा कंपन्या बहुधा देत नाहीत, आणि मला त्यांचा राग येत नाही. दहा वर्षांमागे याच राज्यात अग्निशमन दलाचे लोक, पोलीस, शिक्षक यांना गरज नसलेली मलमं घरपोच येत होती. महिन्याच्या एका मलमाचे हजारो डॉलर सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतून जात आणि दलालीची वाटणी होई. त्या प्रकरणात बाहेरच्या राज्यातल्या एकाच फार्मसीला ५ कोटी डॉलरच्या वर मिळाले. पुढे एकेकाने कोर्टात कबुली दिली.

त्यात २०१९ मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातला अभ्यास आला. ३९९ रुग्णांपैकी कुणाला दुखण्याच्या प्रकारानुसार मिश्र मलम, कुणाला औषधाविना मलम. महिन्याअखेर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आमच्या धंद्यात याविषयी फारसं बोललं जात नाही. माझं मत असं की पाच औषधं एका डबीत कोंबणं ही आमच्या खोलीतली सगळ्यात कच्ची विद्या आहे. खरा उपयोग मात्रा बदलण्यात, रूप बदलण्यात, न चालणारा घटक काढून टाकण्यात.

इंजेक्शनं आम्ही करत नाही. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या एका मिश्रण फार्मसीतून पाठदुखीसाठी मणक्याजवळ टोचायचं स्टेरॉइड बाहेर पडलं, त्यात बुरशी होती. सरकारी मोजणीत २० राज्यांतले ७५३ आजारी, ६४ मृत्यू. लोक पाठ दुखते म्हणून गेले होते. पुढच्याच वर्षी मिश्रण फार्मसींसाठी नवा कायदा आला.

३:००

पाच किलोच्या डॅक्सहुंडची पाठदुखी. मात्रा ५० मिलिग्रॅम गॅबापेन्टिन. तयार कॅप्सूल मिळते ती शंभराची. माणसांचं तयार द्रावण द्यावं, तर त्यात गोडीसाठी झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याची साखर झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. म्हणून तेलात कालवलेलं, कोंबडीच्या वासाचं, मिलिलिटरला ५०. दुपारभर खोलीला रस्सा उकळत असल्याचा वास, आणि आम्ही दोघी शाकाहारी.

४:३०

केमोथेरपीने तोंड सोललेल्या रुग्णासाठी गुळण्यांचं औषध: दाट लिडोकेन, डायफेनहायड्रामिन, अँटासिड, समभाग. मुलगा न्यायला आला. गुळणी करून थुंकायचं, आणि नंतर घसा बधिर आहे तोवर काही खायचं नाही, हे मी त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं.

६:००

फॅक्स. छापील फॉर्मवर चौकोन आणि पाच चौकोनांत खुणा: केटामिन, बॅक्लोफेन, सायक्लोबेन्झाप्रिन, केटोप्रोफेन, लिडोकेन. दुखणं? गुडघा. असे तयार फॉर्म कुणीतरी वाटून गेलेलं असतं. मी फोन लावला. डॉक्टर स्वतः फोनवर आले, थकलेले होते. विचारलं, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं तयार जेल साध्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, ते वापरून पाहिलंय का?

"ते मिळतं का तसंच?"

२०२० पासून मिळतं, मी म्हटलं. त्यांनी फॉर्म रद्द केला. एक गिऱ्हाईक कमी, हे मालकांना उद्या कळेलच.

६:४०

केटामिन पुन्हा मोजलं, जुळलं, दोघींच्या सह्या. ट्रामाडोलवाल्या रुग्णाच्या डॉक्टरांचा अजून फोन नाही. नालट्रेक्सोनच्या कागदावर लाल चिठ्ठी लावून ठेवली. बांगड्या चढवताना तंत्रज्ञ म्हणाली, "ताई, उद्या सकाळी परत मीच लावते त्यांना फोन, नाहीतर रुग्ण दुसरीकडून करून घेईल."

"लाव. आणि नाव लिहून घे, फोनवर कोण बोललं त्याचं."