ऑनलाइन 'क्रॅश' प्रकारातील गुणक-पैजेचे खेळ : गणितीय रचना, निष्पक्षतेचा दावा आणि सामाजिक परिणाम

सारांश

गेल्या दशकात ऑनलाइन जुगाराच्या क्षेत्रात 'क्रॅश' या नावाने ओळखला जाणारा खेळप्रकार वेगाने पसरला. पडद्यावर वाढत जाणारा गुणक अचानक कोसळण्यापूर्वी पैज मोडून रक्कम काढून घेणे, एवढेच या खेळाचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या खेळाची कार्यपद्धती, त्यामागील संभाव्यतेचे गणित, 'सिद्ध करता येण्याजोगी निष्पक्षता' या संकल्पनेचा अर्थ आणि मर्यादा, खेळाडूच्या मनावर होणारा परिणाम व भारतातील कायदेविषयक स्थिती यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : क्रॅश खेळ, गुणक, संभाव्यता, हॅश साखळी, ऑनलाइन जुगार.

प्रस्तावना

जुगार मानवी समाजाला नवीन नाही. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे झाल्यास, न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लावल्या जाणाऱ्या पैजांतून मुंबईत मटक्याचा जन्म झाला आणि १९६० च्या दशकात त्याने गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत आपले जाळे विणले. मटक्यात आकडा निघण्याची ठरलेली वेळ असे. दोन आकड्यांच्या मधला काळ वाट पाहण्यात जाई. मोबाइल दूरध्वनी आणि स्वस्त इंटरनेट यांनी हा मधला काळच नाहीसा केला. क्रॅश खेळ हे या बदलाचे ठळक उदाहरण होय.

या खेळप्रकाराचा उगम आभासी चलनाच्या वर्तुळात झाला. २०१४ च्या सुमारास बिटकॉइनवर चालणाऱ्या संकेतस्थळांवर तो प्रथम दिसू लागला. 'बस्टाबिट' हे त्यांपैकी सर्वपरिचित नाव. पुढे २०१९ मध्ये 'स्प्राइब' या कंपनीने विमानाच्या उड्डाणाचे रूप देऊन 'एव्हिएटर' हा खेळ बाजारात आणला. त्यानंतर अग्निबाण, फुगा, मोटार अशी नाना रूपे घेऊन हाच खेळ अनेकांनी सादर केला. रूपे वेगळी असली, तरी त्यांचा गाभा एकच आहे.

खेळाची कार्यपद्धती

प्रत्येक फेरीपूर्वी काही सेकंदांचा अवधी मिळतो. त्यात खेळाडू आपली रक्कम लावतो. फेरी सुरू होताच गुणक १.०० पासून वाढू लागतो. खेळाडूने १०० रुपये लावले असतील आणि गुणक २.०० असताना त्याने 'कॅश-आउट'चे बटण दाबले, तर त्याला २०० रुपये मिळतात. बटण दाबण्यापूर्वीच गुणक कोसळला, तर संपूर्ण रक्कम बुडते. विशिष्ट गुणक गाठताच रक्कम आपोआप काढून घेण्याची सोयही असते. एकाच फेरीत सहभागी असलेल्या सर्व खेळाडूंसाठी कोसळण्याचा बिंदू समान असतो आणि कोणी किती रक्कम जिंकली हे सर्वांना पडद्यावर दिसत राहते.

येथे एक बाब प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. पडद्यावरील विमान उडत असताना त्याचे भवितव्य ठरत नसते. गुणक कोठे कोसळणार, हे फेरी सुरू होण्यापूर्वीच संगणकाने निश्चित केलेले असते. चढत जाणारी रेषा हे केवळ त्या आधीच ठरलेल्या संख्येचे नाट्यमय सादरीकरण होय.

संभाव्यतेचे गणित

ही संख्या ठरविण्याची सर्वसाधारण पद्धत पुढीलप्रमाणे आहे. संगणक शून्य व एक यांच्यामधील एक यादृच्छिक संख्या निवडतो. ती एकमधून वजा करून येणाऱ्या बाकीने ०.९७ ला भागले जाते. येणारा भागाकार हाच कोसळण्याचा बिंदू. यादृच्छिक संख्या ०.५० असल्यास बिंदू १.९४ येतो, ०.९० असल्यास ९.७०, ०.९९ असल्यास ९७. भागाकार १ पेक्षा कमी आल्यास फेरी १.०० वरच, म्हणजे सुरू होताक्षणी संपते. ०.९७ या संख्येचा अर्थ असा की, लावलेल्या दर १०० रुपयांपैकी सरासरी ९७ रुपये खेळाडूंना परत जातात व ३ रुपये संचालकाकडे राहतात. 'एव्हिएटर'साठी हेच प्रमाण जाहीर केलेले आहे. 'बस्टाबिट'मध्ये संचालकाचा वाटा सुमारे १ टक्का होता.

या सूत्रावरून कोणताही गुणक गाठला जाण्याची संभाव्यता काढता येते : ०.९७ ला त्या गुणकाने भागावे. १०० रुपयांच्या पैजेसाठी येणारी फलिते तक्त्यात दिली आहेत.

तक्ता क्र. १

| ठरविलेला गुणक | यशाची संभाव्यता (टक्के) | जिंकल्यास निव्वळ लाभ (रुपये) | प्रति फेरी सरासरी तोटा (रुपये) |
|---|---|---|---|
| १.१० | ८८.१८ | १० | ३ |
| १.५० | ६४.६७ | ५० | ३ |
| २.०० | ४८.५० | १०० | ३ |
| ५.०० | १९.४० | ४०० | ३ |
| १०.०० | ९.७० | ९०० | ३ |
| १००.०० | ०.९७ | ९,९०० | ३ |

तक्त्याचा शेवटचा स्तंभ सर्वांत बोलका आहे. सावधपणे १.१० वर थांबणारा आणि धाडसाने १०० ची वाट पाहणारा, दोघांचाही सरासरी तोटा सारखाच. पहिल्याला वारंवार छोटे विजय मिळतात, परंतु एक पराभव दहा विजयांची कमाई घेऊन जातो. त्याला केवळ बरोबरी साधण्यासाठी ९०.९१ टक्के फेऱ्या जिंकणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात तो ८८.१८ टक्केच जिंकू शकतो.

याहून सूक्ष्म असा आणखी एक निष्कर्ष या सूत्रातून निघतो. गुणक २ पर्यंत पोहोचला असता तो ४ पर्यंत पोहोचण्याची संभाव्यता बरोबर निम्मी असते. १० पर्यंत पोहोचल्यास २० गाठण्याची संभाव्यताही निम्मीच. म्हणजे फेरी चालू असताना 'थांबावे की उडी मारावी' हा निर्णय गणिताच्या दृष्टीने सममूल्य आहे. त्यात कौशल्याला वाव नाही आणि चुकीलाही नाही. संचालकाचा ३ टक्के वाटा फेरीच्या आरंभीच, तत्क्षणी कोसळणाऱ्या फेऱ्यांच्या रूपाने वसूल झालेला असतो. खेळाडूला आपले भवितव्य बटणावरील बोटात आहे असे वाटते; वस्तुतः पैज लावताक्षणीच सरासरी तोटा ठरून गेलेला असतो.

काळाच्या दृष्टीनेही हेच दिसते. 'बस्टाबिट'मध्ये गुणक घातांकी गतीने वाढे. २ पर्यंत पोहोचण्यास सुमारे ११.६ सेकंद व १० पर्यंत पोहोचण्यास सुमारे ३८.४ सेकंद लागत. या गतीत प्रत्येक सेकंदाला कोसळण्याची शक्यता सुमारे ५.८ टक्के इतकी कायम राहते. 'आता बराच वेळ झाला, आता कोसळणारच' या भावनेला त्यामुळे कोणताही आधार उरत नाही.

'सिद्ध करता येण्याजोगी निष्पक्षता' : अर्थ व मर्यादा

संचालक मोठ्या पैजा पाहून ऐनवेळी निकाल बदलत नसेल कशावरून, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर म्हणून हॅश या गणिती प्रक्रियेचा उपयोग केला जातो. एसएचए-२५६ सारखी हॅश प्रक्रिया कोणत्याही मजकुराचे ठरावीक लांबीच्या संकेतात रूपांतर करते. मजकुरावरून संकेत काढणे सोपे. संकेतावरून मूळ मजकूर शोधणे व्यवहारतः अशक्य. संचालक एका गुप्त मूल्यापासून आरंभ करून हॅशची लांबलचक साखळी तयार करतो, तिचे शेवटचे टोक आधीच जाहीर करतो आणि फेऱ्या उलट क्रमाने खेळवतो. प्रत्येक फेरीनंतर प्रकट होणाऱ्या संकेताचा हॅश मागील फेरीच्या संकेताशी जुळला, तर मधेच निकाल बदललेला नाही हे कोणालाही पडताळता येते. 'एव्हिएटर'मध्ये साखळीऐवजी सर्व्हरचे गुप्त बीज आणि त्या फेरीत प्रथम पैज लावणाऱ्या तीन खेळाडूंची बीजे एकत्र करून निकाल काढला जातो.

ही रचना बुद्धिमान आहे यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे सिद्ध होते ते एवढेच की, निकाल जाहीर सूत्राप्रमाणे लागला. ते सूत्र खेळाडूला अनुकूल आहे, असे तिच्यामुळे सिद्ध होत नाही. तराजूत खोट नसणे आणि भाव परवडणारा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय पडताळणीची ही सोय मूळ खेळापुरती असते. त्याची नक्कल करून चालविल्या जाणाऱ्या बनावट ॲपना ती लागू नाही, आणि जिंकलेली रक्कम प्रत्यक्ष हाती पडेल याची हमी तर कोणतीच हॅश देऊ शकत नाही.

याच ठिकाणी आणखी एका फसवणुकीचा उलगडा होतो. पुढील फेरीचा आकडा आधी सांगणारी 'प्रेडिक्टर' ॲप समाजमाध्यमांवरून विकली जातात. हॅश प्रक्रिया उलटविता येत नसल्याने आणि प्रत्येक फेरी स्वतंत्र असल्याने मागील निकालांवरून असे भाकीत करणे शक्य नाही. ज्याला ते खरोखर शक्य असते, त्याला ते विकण्याची गरज पडली नसती.

दुप्पट पैजेचा भ्रम

हरल्यावर पैज दुप्पट करत जावे, म्हणजे एक विजय सारे नुकसान भरून काढील, अशी एक जुनी युक्ती आहे. २.०० या गुणकावर १० रुपयांपासून ती वापरल्यास सलग दहा पराभवांनंतर एकूण १०,२३० रुपये गेलेले असतात. असे घडण्याची शक्यता दर ७६० मालिकांत सुमारे एक एवढी आहे. बाकी प्रत्येक मालिकेत केवळ १० रुपये मिळतात. दोन्हींचा मेळ घातला असता प्रत्येक मालिकेमागे सरासरी सुमारे ३.४४ रुपयांचा तोटाच उरतो. सलग पराभव अशक्य वाटतात, परंतु १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लो येथील रुलेटच्या चाकावर काळा रंग सलग २६ वेळा आला होता आणि 'आता तरी लाल येईल' या आशेने पैजा वाढविणारे अनेकजण त्यात बुडाले होते.

मानसशास्त्रीय पैलू

अनियमित अंतराने मिळणारे बक्षीस वर्तनाला सर्वांत घट्ट बांधून ठेवते, हे बी. एफ. स्किनर व चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आले. निव्वळ योगायोगाच्या खेळातही निवड करण्याची संधी मिळाली की माणसाला नियंत्रणाचा भास होतो, हे एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये दाखविले. क्रॅश खेळात हे दोन्ही घटक एकवटले आहेत. त्यात पश्चात्तापाची भर पडते. १.८० वर रक्कम काढणाऱ्याच्या डोळ्यांदेखत गुणक ५० वर जातो. २ ची वाट पाहणाऱ्याचा डाव १.९७ वर कोसळतो. 'थोडक्यात हुकले' ही भावना पराभवाला अपुऱ्या विजयाचे रूप देते आणि पुढील पैज लगेच समोर उभी असते.

वेगाचा परिणाम एका तुलनेने स्पष्ट होईल. मटक्यात दहांपैकी एका आकड्यावर नऊपट रक्कम मिळे. म्हणजे चालकाचा वाटा १० टक्के. दिवसातून दोनदा १०० रुपये लावणाऱ्याचा सरासरी तोटा २० रुपये होई. क्रॅश खेळात वाटा ३ टक्केच. परंतु मिनिटाला दोन फेऱ्या धरल्यास तासाभरात १२० पैजा होतात आणि त्याच १०० रुपयांच्या पैजेवर सरासरी ३६० रुपये जातात. टक्केवारी कमी आणि हानी अधिक, असे हे गणित आहे. तीच रक्कम पुनःपुन्हा फिरवीत राहिल्यास २३ फेरफटक्यांत ती सरासरीने निम्मी होते.

कायदेविषयक स्थिती

भारतात सार्वजनिक जुगार अधिनियम १८६७ पासून आणि मुंबई प्रांतात जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ पासून अस्तित्वात आहे. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या १९५७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, असे स्पष्ट केले आणि कौशल्याचे प्राबल्य असलेल्या स्पर्धा त्यापासून वेगळ्या मानल्या. वरील विवेचन पाहता क्रॅश खेळ कौशल्याच्या कसोटीवर उतरू शकत नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियम संमत केला. त्यात कौशल्य की योगायोग हा भेद बाजूस ठेवून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद आहे. असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार न मानता पीडित मानण्याची भूमिका घेतलेली आहे. असे असले तरी परदेशातून चालणारी संकेतस्थळे नवनवीन पत्त्यांवर उघडत राहतात, त्यामुळे केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

निष्कर्ष

१. क्रॅश खेळाचा निकाल फेरीपूर्वीच ठरलेला असतो. खेळाडूचा निर्णय विजयाचे प्रमाण व आकार बदलतो, सरासरी तोटा बदलत नाही.

२. पडताळणीची सोय निकालाचा प्रामाणिकपणा दाखविते. ती खेळ लाभदायक असल्याचा पुरावा नव्हे.

३. हानीचे मूळ संचालकाच्या टक्केवारीपेक्षा फेऱ्यांच्या वेगात अधिक आहे.

४. मागील निकालांवरून भाकीत करणाऱ्या व दुप्पट पैजेच्या सर्व युक्त्या गणिताच्या कसोटीवर निष्फळ ठरतात.

संभाव्यता हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात नाणी, फासे आणि पत्ते यांच्या उदाहरणांनी शिकविला जातो. विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइलवर तोच विषय रोज दर मिनिटाला नव्या रूपात उभा राहत असताना, त्या रूपाचे गणित वर्गात उकलून दाखविणे हे प्रतिबंधाचे सर्वांत स्वस्त आणि दीर्घकाळ टिकणारे साधन ठरेल. ०.९७ ला कोणत्याही गुणकाने भागा आणि पुन्हा त्याच गुणकाने गुणा, उत्तर ०.९७ च येते. एवढी एक ओळ ज्याला उमगली, त्याला विमान किती उंच गेले हे पाहण्याचे कारण उरत नाही.