कोरी पट्टी, निरोगी माणूस

लघवी तपासायच्या स्ट्रिपची बाटली उघडा, एक नवी स्ट्रिप काढा आणि कशातही न बुडवता तशीच मशीनच्या ट्रेवर ठेवा. मशीन भोळं असेल तर रिपोर्ट काय येईल? साखर नाही, प्रथिनं नाहीत, रक्त नाही, कीटोन नाहीत, पू-पेशी नाहीत. रुग्ण ठणठणीत. फक्त रुग्ण जागेवर नाही.

या घोटाळ्याचं मूळ स्ट्रिपच्या स्वभावात आहे. प्लास्टिकच्या अरुंद पट्टीवर औषध जिरवलेले छोटे चौकोन चिकटवलेले असतात. काही सापडलं तर चौकोनाने रंग बदलायचा, नाही सापडलं तर जवळजवळ आहे तसं राहायचं. त्यामुळे ‘शोधलं, पण मिळालं नाही’ आणि ‘शोधलंच नाही’ ही दोन उत्तरं दिसायला जुळी भावंडं.

लॅबमधल्या ताई यात फसत नाहीत, कारण स्ट्रिप त्यांनीच बुडवलेली असते. बाहेर काढताना तिची कड डबीच्या काठाला ओढून जास्तीची लघवी निथळवायची, कड टिश्यूवर टेकवायची, पट्टी आडवी धरायची, नाहीतर एका चौकोनातलं औषध वाहत जाऊन शेजारच्यात मिसळतं. मग उजेडाकडे वळून बाटलीवरच्या रंगतक्त्याशी ताडून बघायचं. हे सगळं त्या बोलता बोलता करतात. पट्टी पालथी तर नाही ना, हे त्या मुद्दाम तपासत नाहीत. पालथी असली तर दिसतंच. यंत्राच्या बाबतीत खरी मेहनत या ‘दिसतंच’वर खर्ची पडते. रंग मोजणं त्यामानाने सोपं. समोर आहे ती स्ट्रिपच आहे, सुलटी आहे, ओली आहे आणि तिचा तिसरा चौकोन नेमका इथे आहे, हे ठरवण्यात खरी गोम.

स्ट्रिप येण्याआधी बेनेडिक्टचं निळं द्रावण होतं. टेस्ट ट्यूबमध्ये पाच मिलिलिटर द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि बर्नरवर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही; मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं तर भरपूर. जुन्या डीएमएलटीवाल्यांच्या नाकात तो वास अजून असेल. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, एल्कहार्ट गावी, माइल्स लॅबोरेटरीजच्या एम्स विभागात काम करणाऱ्या आल्फ्रेड आणि हेलन फ्री या रसायनतज्ज्ञ दांपत्याची ‘क्लिनिस्टिक्स’ बाजारात आली आणि बर्नर विझला. कागदाच्या तुकड्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज, पेरॉक्सिडेज आणि एक रंगद्रव्य वाळवून बसवलेलं. बेनेडिक्टला ग्लुकोजखेरीज इतर काही साखराही चालायच्या. या एन्झाइमला ग्लुकोजच लागतं. पुढच्याच वर्षी प्रथिनांची स्ट्रिप आली, आणि एकेक करत एकाच पट्टीवर दहा चौकोन झाले.

दहा चौकोन म्हणजे दहा रसायनं, आणि सगळ्यांची वेळ एक नाही. दहा चौकोनांच्या प्रचलित स्ट्रिपवर साखर ३० सेकंदांनी वाचायची, कीटोन ४० सेकंदांनी, प्रथिनं आणि रक्त मिनिटाने, पांढऱ्या पेशी दोन मिनिटांनी. कागदावर हे ठीक. सकाळी आठ वाजता टेबलावर पंचवीस डब्या उभ्या असताना सेकंदकाट्याकडे कोण बघतं? शिवाय प्रथिनांचा चौकोन पिवळ्याकडून हिरव्याकडे सरकतो, तेव्हा ‘ट्रेस’ कुठे संपला आणि ‘वन प्लस’ कुठे सुरू झाला, यावर दोन टेक्निशियनचं एकमत होईलच असं नाही. त्यात युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण आहेच. म्हणून मशीन आलं. ते आधी घड्याळ आहे, मग डोळा.

डोळ्याची पद्धत अशी. ठरावीक रंगाचा एलईडी चौकोनावर प्रकाश टाकतो आणि परत उसळलेला प्रकाश सेन्सर मोजतो. अभिक्रिया जितकी जास्त तितका चौकोन गडद, आणि तितका प्रकाश कमी परततो. पण साखर दुप्पट झाली म्हणून परतणारा प्रकाश निम्मा होत नाही. हा हिशेब जमवायला वापरतात ते समीकरण वैद्यकातलं नाहीच. पॉल कुबेल्का आणि फ्रांझ मुंक यांनी १९३१ मध्ये ते मांडलं, भिंतीला देतात तशा रंगाच्या थराचा अभ्यास करताना. रंगाच्या डब्यातलं गणित लघवीच्या डबीपर्यंत पोचलं, याची मला अजून गंमत वाटते.

आता त्या ‘दिसतंच’कडे येऊ. पहिला प्रश्न, ट्रेवर काही आहे का? यासाठी एक सोपी युक्ती आहे: पट्टी पांढरी, तर तिच्याखालची जागा काळपट ठेवायची. काळ्यावरून प्रकाश परतत नाही, पांढऱ्यावरून भरपूर परततो. आकडा एकदम वर उडाला की काहीतरी आलं. पण हे ‘काहीतरी’ पालथी स्ट्रिपही असू शकते, कारण मागची बाजू कोऱ्या प्लास्टिकचीच. म्हणून सेन्सर पट्टीच्या लांबीवरून सरकत जातो आणि ठेका ऐकावा तसा प्रकाशाचा चढउतार बघतो: पांढरं, रंगीत, पांढरं, रंगीत. पालथ्या पट्टीला ठेकाच नाही. उलट टोकाने घातलेल्या पट्टीचा ठेका मागून पुढे वाजतो. आणि चौकोन जेमतेम पाच मिलिमीटरचे असल्याने पट्टी जरा तिरकी बसली तरी शेवटच्या चौकोनाशी पोचेपर्यंत प्रकाशाचा ठिपका कडेवर घसरतो. मग अर्धा चौकोन आणि अर्धं पांढरं प्लास्टिक यांची सरासरी निघते आणि ‘थ्री प्लस’चा ‘वन प्लस’ होतो. कॅमेरा असलेली नवी यंत्रं आधी पट्टीच्या कडा शोधतात, ती किती अंशांत तिरकी आहे ते काढतात आणि मगच चौकोनांच्या जागा आखतात. काही कंपन्या मुठीकडच्या टोकाला रंगीत पट्टे छापतात. त्यावरून मशीनला स्ट्रिपचा प्रकार कळतो. दहा चौकोनांच्या स्ट्रिपच्या जागी पाच चौकोनांची आली तर साखरेच्या चौकोनाचा रंग प्रथिनांच्या खात्यात जमा होऊ नये, ही काळजी.

दुसरा प्रश्न सुरुवातीचाच: ओली आहे का? पावसात भिजलेला सदरा गडद का दिसतो, हे आठवा. सुताच्या तंतूंमधल्या पोकळ्यांत हवा असते तोवर प्रकाश त्यांत धडकून सगळीकडे विखुरतो आणि कापड उजळ दिसतं. हवेची जागा पाण्याने घेतली की विखुरणं कमी होतं आणि कापड काळवंडतं. स्ट्रिपच्या कागदाचंही तसंच. अभिक्रिया होवो न होवो, भिजला की प्रकाश कमी परततो. हा फरक बघितला तर कोरी पट्टी पकडता येते.

मग खोलीतला उजेड. कोणी दार उघडलं, उन्हाची तिरीप ट्रेवर आली, तर चौकोन उजळ भासणार. त्यावर उपाय असा की एलईडी बंद ठेवून एकदा मोजायचं, पेटवून पुन्हा मोजायचं, आणि पहिला आकडा वजा करायचा. एलईडी स्वतः म्हातारा होऊन मंदावतो, म्हणून यंत्रात पांढऱ्या खुणेचा एक तुकडा बसवलेला असतो आणि प्रत्येक मोजणी त्याच्याशी ताडली जाते. आता तो तुकडाच लघवीच्या डागाने पिवळा पडला तर? मग यंत्राचं पांढरंच पिवळं होतं, आणि पुढचे सगळे रिपोर्ट त्या पिवळ्यावर बेतले जातात. ट्रे रोज पुसा असं मॅन्युअल बजावतं ते निव्वळ स्वच्छतेसाठी नसतं.

एवढं करूनही काही गोष्टी ताईंना दिसतात आणि यंत्राला दिसत नाहीत. लघवीची जळजळ कमी करायला देतात त्या एका औषधाने लघवी गडद नारिंगी होते. डबी हातात घेतली की ताईंना लगेच कळतं. यंत्र डबी बघतच नाही. त्याला दिसतो नारिंगी झालेला चौकोन. काही स्ट्रिपवर यासाठी औषध नसलेला एक रिकामा चौकोन ठेवतात. लघवीचा स्वतःचा रंग त्यावर मोजून इतरांतून वजा करायचा. रक्ताच्या चौकोनाची गोष्ट वेगळी. रक्तपेशी अखंड असतील तर त्यावर हिरवे ठिपके उमटतात, फुटलेल्या असतील तर सगळा चौकोन सारखा हिरवा होतो. एकाच सेन्सरने सरासरी काढणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच. चित्र टिपणाऱ्या यंत्राला ठिपके सापडतात.

घरातलं शुगरचं मशीनही असंच बघतं का, असं कोणी विचारेल. पूर्वी बघायचं. एम्सनेच १९७० च्या सुमारास आणलेलं पहिलं रक्तशर्करामापक किलोभराहून जड होतं. स्ट्रिपवर रक्ताचा थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि मग यंत्रात घालायचं. आज बहुतेक ग्लुकोमीटर रंगाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, सूक्ष्म वीजप्रवाह मोजतात. आपल्याकडे घरोघरी दिसणारं ‘अ‍ॅक्यु-चेक अ‍ॅक्टिव्ह’ मात्र अजून रंगावरच चालतं. म्हणूनच त्याची आतली छोटी काच पुसायला सांगतात.

हेच काम फोनच्या कॅमेऱ्याने होणार नाही का? हा प्रश्न गंभीरपणे विचारणाऱ्यांत मुंबईची बायोसेन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी होती. तिचे मिश्किन इंगवले यांनी २०१३ मध्ये टेडच्या व्यासपीठावर ‘युचेक’ हे अ‍ॅप दाखवलं: ओली स्ट्रिप रंगांच्या खुणा छापलेल्या पटावर ठेवायची आणि फोनने ठरलेल्या वेळी फोटो घ्यायचे. खरी युक्ती त्या पटात आहे. फोनचा कॅमेरा प्रामाणिक नसतो; पिवळ्या बल्बखालचा कागद पांढरा दिसावा म्हणून तो सगळेच रंग स्वतःच्या मनाने सरकवतो. लग्नाच्या फोटोत ते चालतं. इथे त्या सरकण्यात आजार लपू शकतो. शेजारी माहितीचे रंग असले तर फोनने किती लबाडी केली ते मोजता येतं आणि उलट फिरवता येतं.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला पत्र पाठवलं. मुद्दा असा होता: या स्ट्रिपना मंजुरी आहे ती माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी. त्या अ‍ॅपने वाचायच्या तर स्ट्रिप आणि फोन मिळून एक नवी चाचणी होते, तिला वेगळी मंजुरी हवी. तेव्हा अनेकांना ही लालफीत वाटली. मला ते पत्र नेमकं वाटतं. डोळा बदलला की चाचणी बदलते, कारण कोरी पट्टी, पालथी पट्टी, नारिंगी लघवी या सगळ्यांची जबाबदारी आता नव्या डोळ्यावर येते. २०१८ मध्ये इस्रायलच्या हेल्दी डॉट आयओ या कंपनीला अशा फोनवरच्या लघवी तपासणीसाठी त्याच प्रशासनाची मंजुरी मिळाली. तिथेही स्ट्रिप रंगांच्या कार्डावरच ठेवावी लागते.

मशीन विकत घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, तासाला किती स्ट्रिप? माझ्या मते विचारावं ते असं: तुमचं मशीन ‘मला दिसत नाही’ असं कधी म्हणतं? कोरी पट्टी घालून दाखवा, पालथी घालून दाखवा. जे मशीन अशा वेळी आकडा न देता अडून बसतं, ते घ्यावं. गरोदर बाईचा रक्तदाब वाढलेला असताना लघवीत प्रथिनं आहेत की नाहीत, यावर तिला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं की घरी, हे ठरू शकतं. तिथे खोटा ‘निल’ महाग पडतो. उपकेंद्रावर अजून बहुतेक ठिकाणी सिस्टरच खिडकीशी उभ्या राहून स्ट्रिप वाचतात, आणि कोकणातल्या जुलैत बाटलीचं झाकण थोडा वेळ उघडं राहिलं तरी हवेतल्या ओलीने चौकोन बिघडू लागतात. नायट्राइटचा चौकोन तर उघड्या हवेत राहिला की संसर्ग नसतानाही गुलाबी होऊ शकतो. ते काही मशीनना कळतं, काहींना नाही.

वाचून झालेली स्ट्रिप कचऱ्याच्या डब्यात पडते तेव्हाही तिच्यावरची रसायनं थांबलेली नसतात. चौकोन गडद होत राहतात. दोन मिनिटांनंतर बदललेल्या रंगाला निदानासाठी काही किंमत नाही, असं सोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. दुपारी कोणी डब्यात डोकावलं तर सकाळची साधी लघवीही तिथे आजारी दिसेल. मशीनचं लक्ष तिकडे नसतं. ट्रेवर पुढची पट्टी आलेली असते, आणि ती खरंच आलेली आहे का, हे त्याला पुन्हा पहिल्यापासून बघायचं असतं.