दोन कार्ब्युरेटरांचा ताळमेळ

बैलजोडीतला एक बैल अंगचोर निघाला, तर सगळे ओझे दुसऱ्याच्या मानेवर येते. दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या मोटरसायकलीचेही असेच होते. एक सिलिंडर कमी काम करू लागला की इंजिन थरथरते, पेट्रोल जास्त लागते आणि दुसरा सिलिंडर अधिक तापतो. हा दोष शोधायला एक लांब पारदर्शक नळी आणि थोडे तेल पुरते. त्यामागचे विज्ञान शाळेत शिकवतो तेच आहे.

उदाहरणादाखल १९६९ ते १९७३ या काळात जर्मनीत तयार झालेली बीएमडब्ल्यू आर ७५/५ घेऊ. तिचे सिलिंडर इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूंना आडवे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर असतो. मूठ पिळली की दोन केबली दोन्हीकडच्या झडपा उघडतात. काळाच्या ओघात केबली ताणतात, स्क्रू हलतात आणि झडपा कमीअधिक उघडू लागतात.

आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. जी झडप जास्त बंद आहे, तिच्यापलीकडे इंजिनाच्या बाजूला हवेचा दाब कमी असेल की जास्त? दोन सारख्या सिरिंज घ्या. एकीचे तोंड बोटाने जवळजवळ बंद करा आणि दोन्हींचे दट्टे एकाच वेगाने ओढा. बंद तोंडाच्या सिरिंजमध्ये ओढ जास्त जाणवते. इंजिनात हेच घडते. दोन्ही दट्टे एकाच क्रँकशाफ्टला जोडलेले असल्याने ते सारख्याच वेगाने फिरतात. ज्या बाजूने हवा कमी येते, तिथला दाब जास्त खाली जातो.

नेमका हाच फरक आपण मोजणार आहोत. नळी फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी उभी बांधा आणि तळाशी थोडे इंजिन तेल भरा. नळीची दोन टोके झडप आणि इंजिन यांच्यामधल्या छिद्रांना जोडा. अशा बहुतेक कार्ब्युरेटरांवर या छिद्रात छोटा स्क्रू बसवलेला असतो. इंजिन मंद चालू ठेवले की जिथे ओढ जास्त, त्या बाजूचे तेल वर चढते. म्हणजे चढलेल्या बाजूची झडप जास्त बंद आहे. तिचा स्क्रू किंचित फिरवून झडप जराशी उघडा. दोन्हीकडचे तेल समपातळीत आले की झाले. मग मूठ थोडी पिळून वेग वाढवा आणि हीच तपासणी केबलींसाठी करा.

हे साधन किती संवेदनशील आहे? तेलाच्या पातळीत १० सेंटिमीटर फरक म्हणजे सुमारे ८३० पास्कल, हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. पाऱ्याच्या नळीत हाच फरक जेमतेम ६ मिलिमीटर दिसला असता. शिवाय पारा विषारी असतो.

एक अडचण येते. मिनिटाला ९०० फेऱ्या असतील, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा हवा ओढतो आणि तेल नाचू लागते. दोन्ही टोकांजवळ नळी सारखीच चिमटीत धरून अरुंद केली की ते स्थिरावते.

काही खबरदारी हवीच. एक टोक निसटले तर इंजिन सारे तेल ओढून घेईल. म्हणून दोन्ही बाजूंना मध्ये एकेक रिकामी, घट्ट बुचाची बाटली जोडावी. काम उघड्यावर करावे, कारण धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो. हे इंजिन वाऱ्याने थंड होते, म्हणून ते उभ्या गाडीत फार वेळ चालू ठेवू नये.

शेवटी एक मुद्दा. तराजू दोन पारड्यांचे वजन सारखे आहे एवढेच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. आपली नळीही तशीच आहे. दोन्ही झडपा सारख्याच चुकीच्या असल्या, तरी तेल समपातळीतच राहील. म्हणून आधी व्हॉल्व्हमधील फट, स्पार्क प्लग आणि हवेची गळती तपासायची. नाहीतर एक दोष दुसऱ्या दोषाने झाकला जातो आणि आपल्याला वाटते, दुरुस्ती झाली!

आज नव्या गाड्यांत बहुधा इंधन इंजेक्शन असते. पण आपल्या गावातल्या एखाद्या गॅरेजात १९८० च्या दशकातली दोन कार्ब्युरेटरांची राजदूत ३५० अजूनही भेटेल. तिचे इंजिन टू-स्ट्रोक असल्याने तिथे केबली जुळवून दोन्ही झडपा एकाच वेळी उचलल्या जातात का, हे पाहतात. मुलांना ते जरूर दाखवा.