म्हातारपणाचा जमाखर्च

आमच्या माहेरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नाण्यांच्या शेजारी एक वही ठेवण्याची पद्धत होती. व्यापाऱ्यांकडे चोपड्या पूजतात हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण माझे वडील शाळामास्तर, आमच्याकडे कसल्या आल्या चोपड्या! ती वही आईची असे. वाणी, दूधवाला, शाळेची फी, कोणाच्या मुंजीतला आहेर, असा सारा खर्च ती रात्रीची झाकपाक आटोपल्यावर तीत लिही. 'लक्ष्मी घरात येते, तर तिला हिशेब दाखवायला नको का?' असे तिचे म्हणणे. आम्हा भावंडांना त्या वहीचे हसू यायचे. पुढे त्याच वहीने आम्हाला शहाणे केले, ती हकीकत आज सांगणार आहे.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. वडील जाऊन नऊ वर्षे झाली होती. आई एकोणऐंशी वर्षांची, पुण्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. मी ठाण्याला, दादा अमेरिकेत न्यू जर्सीला. एके सकाळी न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात नेले. मी पोहोचले तेव्हा ती खाटेवर पडून मलाच धीर देत होती, "अगं, विमा आहे ना माझा. तुझ्या वडिलांनी घेऊन ठेवलाय. मी कधी हप्ता चुकवला नाही."

विमा होता, तीन लाखांचा. शस्त्रक्रिया छान झाली, सहाव्या दिवशी आई घरी आली. बिल झाले तीन लाख चाळीस हजार. वरचे चाळीस हजार आपण भरायचे, असा मी मनाशी हिशेब केला. प्रत्यक्षात विमा कंपनीने मंजूर केले एक लाख त्रेपन्न हजार! उरलेले आम्ही कसेबसे जमवून भरले.

घरी आल्यावर मी ती पॉलिसी पहिल्यांदा वाचली. वाचकहो, खरे सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी आपली पॉलिसी पहिल्या पानाच्या पुढे वाचली आहे? मीही वाचली नव्हती. आत लिहिले होते, की दवाखान्यातल्या खोलीचे भाडे विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजारांपर्यंतच मिळेल. मी मात्र आईला त्रास नको म्हणून सहा हजारांची खोली घेतली होती. भाडे दुप्पट, म्हणून केवळ भाडेच निम्मे मिळते असे नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार, परिचारिकांचा आकार हे सारे त्याच प्रमाणात निम्मे होते. शिवाय वयामुळे प्रत्येक दाव्यातला दहा टक्के भाग आपण सोसायचा, अशीही एक अट होती.

पण नीट वाचले म्हणून आणखी एक गोष्ट सापडली. अशी प्रमाणशीर कपात औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेला कृत्रिम सांधा यांना लावता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने तसा नियम २०२० सालीच केला आहे. आमच्या बिलात या तीन बाबींचे एक लाख साठ हजार होते आणि कंपनीने त्यांनाही कात्री लावली होती. मी पत्र लिहिले. महिन्याच्या आत आणखी बहात्तर हजार रुपये आले. न आले तर विमा लोकपालाकडे जाण्याची माझी तयारी होती. त्याची कचेरी मुंबईला आहे, पुण्याला आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर वर्षाच्या आत तिथे अर्ज करता येतो. फी पडत नाही, वकीलही लागत नाही.

त्या बहात्तर हजारांनी मला थोडा ताठा आला. पण खरी परीक्षा पुढेच होती.

आईला उठवायला, न्हाऊ घालायला, वॉकर धरून चालवायला माणूस हवे होते. ब्युरोकडून दिवसाची एक आणि रात्रीची एक अशा दोन बायका ठेवल्या. महिन्याचे अठ्ठावीस हजार होत. आज एक आली नाही, उद्या दुसरीने सोडले, असे चाले. मी ठाणे-पुणे फेऱ्या घालून थकले. 'हे' बिचारे घरी पिठले-भात करायला शिकले! तीन महिन्यांची बिले विमा कंपनीकडे धाडली, तर साफ नकार आला. यावेळी कंपनीचे काहीच चुकले नव्हते. आंघोळ घालणे, कपडे चढवणे, हिंडवणे-फिरवणे अशा रोजच्या कामांसाठी घरी वा शुश्रूषागृहात ठेवलेल्या माणसाचा खर्च मिळणार नाही, हे कलम बहुतेक सगळ्या आरोग्यविम्यांत असते. असिस्टेड लिव्हिंग म्हणतात तशा, मदतीला माणसे असलेल्या निवासाचे भाडेही म्हणूनच मिळत नाही. विम्याच्या भाषेत दवाखाना म्हणजे निदान पंधरा खाटा, लहान गावात दहा, अहोरात्र डॉक्टर व परिचारिका आणि शस्त्रक्रियागृह असलेली जागा. वृद्धनिवास कितीही उत्तम असला तरी त्या व्याख्येत बसत नाही.

मी रागाने दादाला फोन केला. "तुमच्याकडे बरं आहे, सरकार सगळं बघतं," म्हणाले. तो हसला. "कसलं बघतं! इथे पासष्टीनंतर मेडिकेअर मिळतं, पण अशा निवासाचं भाडं तेही देत नाही. दवाखान्यात राहून आलं तर थोडे दिवस शुश्रूषेचे मिळतात, तेवढंच. जवळचं सगळं संपलं, की मग गरिबांसाठीची मेडिकेड योजना. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याने राहतं घर विकून पैसे भरले."

मग आम्ही दोघे कुजबुजत बोलू लागलो, आईला कुठे ठेवायचे, पैसे कोणी किती द्यायचे, फ्लॅट विकायचा का. रात्रीचे अकरा वाजले असतील. आतून आईचा आवाज आला, "माझ्याबद्दल बोलताय ना?"

मी गप्प. वॉकर टेकत ती दारापर्यंत आली. एकटी येण्याची तिला मनाई होती, तरीही आली. "चाळीस वर्षं या घराचा हिशेब मी ठेवला. आणि माझाच हिशेब माझ्या माघारी करता होय? वही आण."

मला रडू फुटले. वृद्धाश्रम हा शब्द तिच्यापुढे कसा उच्चारावा, या विचाराने मी महिनाभर झोपले नव्हते. आणि तिला तो शब्द केव्हाच कळून चुकला होता. तिने वहीचे पान उघडले, मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिले 'आजारपण', उजवीकडे 'म्हातारपण'. म्हणाली, "तुमचा घोटाळा इथे होतोय. विमा हा या पानाचा. त्या पानाला तो पैसा देणार नाही. मग त्या पानाची तरतूद वेगळी करायला हवी की नको?"

इतकी साधी गोष्ट! आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांच्या ध्यानात ती आली नव्हती. विमा आहे, म्हणजे म्हातारपणाची सोय आहे, असे आपण सारेच धरून चालतो. विमा दुखण्याचा असतो. म्हातारपण हे काही दुखणे नव्हे.

त्या रात्रीपासून आम्ही दोन्ही पाने भरू लागलो.

आजारपणाच्या पानाला नशिबाने पुढच्याच काळात बरीच मदत मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सत्तर वर्षे पुरी झालेल्या सर्वांना, मिळकत कितीही असो, आयुष्मान भारत योजना खुली झाली. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, योजनेत सामील दवाखान्यांत. घरात सत्तरीपुढची दोन माणसे असली तर पाच लाख दोघांत मिळून. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते आणि जुन्या दुखण्यांनाही पहिल्या दिवसापासून लागू होते. आधार कार्डावर आईचे कार्ड निघाले. मात्र हेही पैसे दवाखान्यात दाखल झाल्यावरचेच. घरी ठेवलेल्या बाईचे नव्हेत.

खाजगी विम्याचे नियमही सैल झाले आहेत. २०२४ च्या एप्रिलपासून पासष्टीनंतर नवा विमा नाही ही आडकाठी गेली. आधीपासूनच्या दुखण्यासाठी थांबण्याची मुदत चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. २०२५ च्या जानेवारीत, ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर नियामकाला आधी विचारावे लागेल असे ठरले, आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी उठला. आईचा विमा आम्ही चालूच ठेवला. वर्षाचे चाळीस हजार, म्हणजे महिन्याला तीन हजार तीनशे पडतात.

आता उजवे पान. जमेला आईचे कुटुंबनिवृत्तिवेतन एकोणीस हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तिचे पंधरा लाख आहेत, त्यांचे ८.२ टक्क्यांनी तिमाहीला तीस हजार सातशे पन्नास, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार येतात. या योजनेत २०२३ पासून माणशी तीस लाखांपर्यंत ठेवता येतात.

घर गहाण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची उलट गहाणाची योजना २००७ पासून आहे. हयातीत कर्ज फेडावे लागत नाही. मला वाटले, सुटला प्रश्न! पण तिची मेख आईनेच काढली. त्या घरात स्वतः राहणे आवश्यक असते. वर्षभर घर सोडून निवासात जाऊन राहिले, की बँक कर्ज परत मागू शकते. घरीच राहून बाई ठेवणाऱ्याला ती योजना उपयोगी; आमच्या कामाची नव्हती. एका नातलगाने सुचवले, फ्लॅट आताच मुलांच्या नावे बक्षीस करून टाका. आई म्हणाली, "ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये. मृत्युपत्र केलंय, ते पुरे." शेवटी फ्लॅट भाड्याने दिला. त्याचे अठरा हजार आले. एकूण जमा सत्तेचाळीस हजार दोनशे पन्नास.

मग आम्ही तीन निवास पाहिले. बोलणी आईने केली. मी नुसती वॉकरच्या मागे. तिचे प्रश्न मी लिहून ठेवले आहेत, कोणाच्याही उपयोगी पडावेत. अनामत रक्कम किती, आणि मी गेल्यावर वारसांना किती दिवसांत परत मिळेल? दरवर्षी वाढ किती, आणि ती करारात लिहिली आहे का? मी चार दिवस दवाखान्यात गेले तर त्या दिवसांचे पैसे घेणार का? रात्री घंटा वाजवली तर कोण येते? आणि शेवटचा, "अंथरुणाला खिळले, माणसं ओळखेनाशी झाले, तर ठेवून घ्याल, की मुलीला फोन करून घेऊन जा म्हणाल?"

या शेवटच्या प्रश्नाला पहिल्या ठिकाणचे व्यवस्थापक चाचरले. दुसरीकडे म्हणाले, तेव्हा बघू. तिसरीकडच्या बाईंनी करार पुढे केला आणि त्यातल्या कलमावर बोट ठेवले. अंथरुणाला खिळल्यास आकार वाढेल, किती वाढेल तेही लिहिले होते. पण घालवून देणार नाही, असेही लिहिले होते. आई म्हणाली, "इथे."

महिन्याचे बेचाळीस हजार. औषधे वगैरे पाच हजार, विम्याचे तीन हजार तीनशे. एकूण पन्नास हजार तीनशे. तूट तीन हजार पन्नास, ती दादा आणि मी निम्मी-निम्मी भरतो. तुम्ही म्हणाल, मग अवघड काय? अवघड हे, की करारात दरवर्षी दहा टक्के वाढ आहे. पाच वर्षांनी बेचाळिसाचे सदुसष्ट हजार होतील. निवृत्तिवेतन वाढेल, भाडेही थोडे वाढेल; व्याज वाढेलच असे नाही. आईने तेही लिहून ठेवले आहे आणि कडेला टिपले आहे, 'तेव्हा फ्लॅट विकावा. रडू नये.'

तिला निवासात सोडून आले त्या रात्री मी फार रडले, हे कबूल करते. आमच्याकडे ये म्हणून मी तिला दहादा विनवले होते. ती म्हणाली, "तुझ्याकडे चार दिवस पाहुणी म्हणून येईन. तिथे तू मला न्हाऊ घालशील, चिडशील, मग चिडलीस म्हणून रडशील. इथल्या बाईला पगार आहे. तू आलीस की आपण गप्पा मारू." सुरुवातीचा महिना तिला जड गेला. जेवण सपक लागे, खोलीतला दुसरा आवाज फक्त पंख्याचा असे तिने फोनवर सांगितले. तेव्हा गाडी काढून तिला परत आणावे असे मला शंभरदा वाटले. आता ती शेजारच्या दोघींना हिशेब लिहायला शिकवते आहे आणि त्यांच्या पॉलिसी वाचून दाखवते आहे.

या दिवाळीला ती आमच्याकडे चार दिवस येणार आहे, पाहुणी म्हणून! परवा फोनवर म्हणाली, "पूजेला माझी वही मी आणतेच. पण तुझी कुठे आहे?"

मी म्हटले, "माझी कसली वही? मी अजून अठ्ठावन्नची आहे."

"मी अठ्ठावन्नची होते तेव्हा तुझ्या वडिलांनी विमा घेतला. उजवं पान कोणी लिहिलंच नाही. तू लिही."

काल मी नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर मधोमध रेघ ओढली आहे. डावीकडे दोन ओळी लिहून झाल्या. उजवीकडचे लिहायला आज रात्री आम्ही दोघे बसणार आहोत.