बुचाचे एकवीस दात

अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८च्या कायद्यानं मुभा मिळाली. मुलाच्या तळघरात मीही बाटल्यांना बुचं बसवली. बूच ढिलं राहिलं की वायू निसटतो आणि काही आठवड्यांच्या खटपटीची सपक बिअर होते. विल्यम पेंटरनं १८९२ साली पेटंट घेतलेल्या या पत्र्याच्या बुचाला आता एकवीस दात असतात. सगळे सारखे वळायला हवेत. दोन दांड्यांचं स्वस्त यंत्र बाटलीची मान पकडून जोर लावतं. मानेचा कंगोरा नीट नसला तर ते घसरतं, कधी काचही फुटते. टेबलावरचं यंत्र वरून सरळ दाबतं. बँकेत शिक्के मारलेल्या माझ्या हाताला तेच पटलं. मुलगा किंमत बघत होता. मी म्हटलं, टाके घालण्यापेक्षा स्वस्तच आहे!