‘र’ची रूपे : दर्या आणि दऱ्या
लिपीची घडण – लेखांक ९

चिनी लिपीतले घटक जागा बदलली की रूप बदलतात. पाण्याचे चिन्ह एकटे असते तेव्हा चार फटकाऱ्यांचे असते. समुद्र, सरोवर यांच्या अक्षरांत ते डाव्या कडेला जाते आणि तीन थेंबांवर येते. अग्नीचे चिन्ह अक्षराच्या तळाशी गेले की चार ठिपके होते. ही रूपे जागेने ठरतात. लिहिणाऱ्याला त्यात निवड नसते. काही भेद मात्र निव्वळ प्रथेचे असतात. चालण्याशी संबंधित अक्षरांना डावीकडून खाली वळसा घालणारे जे चिन्ह आहे, त्याच्या माथ्यावर एक ठिपका द्यायचा की दोन, हा त्यातलाच वाद. युद्धोत्तर जपानने नित्य वापराच्या अक्षरांसाठी एका ठिपक्याचे रूप प्रमाण मानले. २०१० मध्ये ही यादी २,१३६ अक्षरांची झाली, तेव्हा नव्याने घेतलेल्या काही अक्षरांत दोन ठिपके तसेच राहिले. आज एकाच सरकारी यादीत दोन्ही रूपे नांदतात.

देवनागरीत असा बहुरूपी घटक म्हणजे ‘र’. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली गावांची नावे वाचत गेले तरी त्याची बहुतेक रूपे भेटतात. तलासरीत तो पूर्ण आहे. बोर्डीत रफार आहे, आणि तोही ‘ड’च्या डोक्यावर न बसता पुढच्या वेलांटीच्या माथ्यावर सरकलेला. उच्चारात आधी येणारा वर्ण लिहिण्यात सर्वांत शेवटी येतो, ही गोष्ट मुलांना पहिल्यांदा शिकवताना चांगलीच जड जाते. डहाणूतून वाहणाऱ्या सूर्या नदीच्या नावातही रफारच.

व्यंजनानंतर येणारा ‘र’ वेगळा. ‘प्र’, ‘ग्र’ यांत तो दंडाला डावीकडे टेकलेली तिरपी रेघ होतो. ज्यांना सरळ दंड नाही त्या ट, ड यांच्या पोटाखाली तो उलट्या ‘व्ही’सारखा बसतो, ‘महाराष्ट्र’ या एका शब्दात पूर्ण ‘र’ आणि हे रूप दोन्ही आहेत. नियम तंतोतंत मात्र नाही. चंद्रनगरमधल्या ‘द’लाही सरळ दंड नाही, तरी तिथे तिरपी रेघच चालते. तलासरी तालुक्यातल्या सूत्रकार गावाच्या नावात तर ‘र’पेक्षा ‘त’चाच आकार अधिक मोडला आहे.

या सगळ्याचे मूळ ब्राह्मीत आहे. पालघर जिल्ह्यातच, सोपाऱ्याला, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या काळच्या ब्राह्मीतला ‘र’ म्हणजे जवळजवळ नुसती उभी रेघ. अशी रेघ दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी सहज जोडता येते. पुढे डोक्यावरची वळून रफार झाली आणि पायाशी असलेली तिरपी होऊन राहिली.

आतापर्यंतची रूपे जागेने ठरली. अर्धा ‘र’ तसा नाही, आणि मराठीच्या दृष्टीने खरी गंमत त्यातच आहे. ‘य’ किंवा ‘ह’च्या आधी ‘र्’ आला तर मराठीत दोन पर्याय उरतात : वर रफार द्यायचा किंवा अक्षराच्या डावीकडे आडवी वक्र रेघ काढायची. डहाणूच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेच्या डोंगरांत दऱ्या आहेत. वर्ण तेच, क्रमही तोच. ‘दर्या’ म्हणताना ‘द’वर आघात येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. म्हणून वृत्तात पहिल्या शब्दातला ‘द’ गुरू आणि दुसऱ्यातला लघू धरतात. सूर्य, कार्य, आचार्य या संस्कृत शब्दांना रफार लागतो. दरी, किनारा, शेतकरी या शब्दांची रूपे होताना मात्र दऱ्या, किनाऱ्यावर, शेतकऱ्यांना असा अर्धा ‘र’ येतो. ‘ह’चेही तसेच : अर्हतेत रफार, वऱ्हाडात आणि कुऱ्हाडीत अर्धा ‘र’. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांतला फरक पंगतीला बसल्यावर कळतो.

१९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली आणि जुन्या उंबरगाव तालुक्यातली बरीच गावे गुजरातेत गेली. तलासरी सीमेवर आले. पण लिप्यांची सरमिसळ त्याने थांबली नाही. गुजराती लिपी देवनागरीचीच शिरोरेषा नसलेली बहीण. तिच्यातला ‘र’ मराठी दोनच्या आकड्यासारखा दिसतो. रफार आणि तिरपी रेघ तिच्याकडेही आहेत, अर्धा ‘र’ नाही. गुजराती समुद्राला ‘दरियो’ म्हणते, त्यामुळे या शब्दापुरती तिची अडचण होत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा मराठी शब्द गुजराती लिपीत उतरवायचा झाला, तर मात्र भेद हरवतो.

संगणकाला हा भेद समजावून सांगावा लागतो. युनिकोडमध्ये ‘र’, हलन्त आणि ‘य’ ओळीने टंकले की रफारच उमटतो. अर्ध्या ‘र’साठी दोन वाटा आहेत : मुळात द्राविडी उच्चारांसाठी ठेवलेला नुक्त्याचा ‘ऱ’ वापरणे, किंवा हलन्तानंतर जोड दाखवणारे अदृश्य चिन्ह घालणे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. एका वाटेने टंकलेला ‘किनाऱ्यावर’ दुसऱ्या वाटेने शोधला तर साधा शोध हात हलवत परत येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो. तीच वाट सोयीची.

‘ल’ आणि ‘श’ यांची गोष्ट याच्या नेमकी उलट, म्हणजे जपानी ठिपक्यांसारखी. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ. हिंदीत दंडाचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने मराठी रूपे प्रमाण ठरवली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही रूपांना एकच क्रमांक आहे. चिनी आणि जपानी वळणांच्या अनेक अक्षरांनाही असाच सामाईक क्रमांक दिलेला आहे. त्यामुळे रूप ठरते ते फाँटवर : विंडोजमधला मंगल हिंदी वळण दाखवतो, तर काही नवे फाँट मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असली की मराठी वळण आपोआप निवडतात. ‘तलासरी’तला ‘ल’ कोणत्याही वळणाने छापला तरी गावाचे नाव तेच राहते. ‘दऱ्या’वर रफार दिला तर डोंगराच्या जागी समुद्र येतो.