दुर्मिळ पक्षिदर्शनाची नोंद
दुर्मिळ पक्षिदर्शनाची नोंद : एखाद्या प्रदेशात क्वचित आढळणारा अथवा तेथून नाहीसा झाला असे मानला गेलेला पक्षी दिसल्यास, त्या दर्शनाची इतर अभ्यासकांना पडताळता येईल अशा रीतीने केलेली लेखी नोंद. पक्ष्यांचा प्रसार, त्यांचे स्थलांतर व संख्येतील घट यांविषयीचे ज्ञान मुख्यतः अशा नोंदींवर उभे आहे. त्यामुळे एक चुकीची नोंदही पुढील अनेक वर्षांच्या संशोधनाची दिशा बिघडवू शकते.

एकोणिसाव्या शतकात नोंद म्हणजे पक्षी मारून, त्याचे कातडे भरून व त्याला स्थळ-काळाची चिठ्ठी बांधून ठेवलेला नमुना असे. टी. सी. जेर्डन हे मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक १८३७ मध्ये दुसऱ्या घोडदळ पलटणीत बदलून आले आणि तिच्याबरोबर निजामाच्या मुलखातील जालना येथील छावणीत राहिले. त्यांनी आपला पहिला संग्रह ओळख पटविण्यासाठी स्कॉटलंडमध्ये विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठविला. परंतु तो पोहोचेपर्यंत त्याला कसर लागली होती. तेव्हापासून जेर्डन यांनी स्वतःच्याच निरीक्षणावर विसंबण्याचे ठरविले. १८३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचीत द्वीपकल्पातील सु. ४२० जाती असून कर्नल साइक्स यांच्या १८३२ च्या दख्खनी सूचीच्या मानाने ही संख्या जवळजवळ दुप्पट होती. त्यांचे नाव धारण करणारा जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर दिसेनासा झाला व जानेवारी १९८६ मध्ये आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात पुन्हा सापडला.

नमुना हा निर्विवाद पुरावा, ही समजूत मात्र रानपिंगळ्याने खोटी ठरविली. या लहान घुबडाचा पहिला नमुना १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी मिळविला आणि १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले. एकूण सातच नमुने ज्ञात होते. त्यांपैकी एक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळविल्याचे त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तपासले असता तो जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात मिळविलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला नमुना असल्याचे आढळले. म्हणजे १८८४ नंतरची खात्रीची नोंदच नव्हती. चोरी व्यक्तीची असली, तरी तिची किंमत त्या पक्ष्याने मोजली. कारण खोट्या स्थळामुळे शोध भलतीकडे वळला. नागपूरकडील म्हणून १९६८ मध्ये पुढे आलेली छायाचित्रेही साध्या पिंगळ्याचीच निघाली.

खरी स्थळे निश्चित झाल्यावर रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिसला. त्यांनी त्याचे चित्रण केले. पिंगळ्याच्या माथ्यावर स्पष्ट पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचा माथा मात्र जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. पंख व शेपटी यांवर रुंद पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे आणि दिवसाउजेडी उंच, निष्पर्ण फांदीवर बसण्याची सवय ही त्याची आणखी लक्षणे होत. पुढे मेळघाट, यावल आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा येथेही तो आढळला. २०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असा बदलण्यात आला. या बदलामागे अशा पडताळलेल्या नोंदी आहेत.

आज नोंदीसाठी पक्षी मारण्याची गरज उरलेली नाही. जालना जिल्ह्यातील माळराने, गोदावरीचा काठ किंवा घाणेवाडीचा तलाव येथे अनोळखी पक्षी दिसल्यास पुस्तक उघडण्यापूर्वी नोंदवही उघडावी, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव सांगतो. चित्र पाहिल्यानंतर डोळ्यांना चित्रातलेच दिसू लागते. दिनांक, वेळ, नेमके स्थळ, प्रकाशाची दिशा, अंतर व दुर्बिणीची शक्ती प्रथम लिहावी. आकार चिमणी, साळुंकी, पारवा, कावळा किंवा घार यांच्या तुलनेत सांगणे इंचांपेक्षा विश्वसनीय असते. चोच, पाय, डोळ्याभोवतीचा भाग, उडताना दिसणारे पंखांवरील पट्टे, आवाज व वर्तन यांचे वर्णन करून एखादे ओबडधोबड रेखाचित्र काढावे. जे दिसले नाही, तेही लिहावे. माळरानावरील साध्या धाविकाच्या छातीवर जेर्डनच्या धाविकासारखे दोन आडवे पट्टे नसतात. ते पाहिले की नाही, यावर सारी ओळख अवलंबून असते. दिसणाऱ्या जातीशी साम्य असलेल्या जाती कोणत्या कारणाने वगळल्या, हा नोंदीचा सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत मोलाचा भाग होय. छायाचित्र अस्पष्ट असले तरी ठेवावे, मात्र ते संगणकावर सुधारून मूळ नष्ट करू नये. पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी असण्याची शक्यताही तपासावी लागते.

नोंद प्रथम स्थानिक जाणकारांना दाखवून नंतर बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८६ पासून निघणाऱ्या नियतकालिकासारख्या ठिकाणी पाठविली जाते. ई-बर्ड या संगणकीय सूचीतही अनपेक्षित नोंदी परीक्षकांकडे तपासणीसाठी जातात. परीक्षकाने नोंद अमान्य केली, म्हणजे निरीक्षकाला खोटे ठरविले असे नव्हे. पुरावा अपुरा आहे, एवढाच तिचा अर्थ असतो. घरट्याचे किंवा शिकारीची भीती असलेल्या जातीचे नेमके स्थळ मात्र छापू नये, ते केवळ वनखात्यास व अभ्यासकांस कळवावे.